डब्यावर ३०, हातात १० : एका घडीच्या भिंगाची सहा महिन्यांची हकिगत

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा आकड्यापायी गेला, अर्धा बिजागरीपायी. बाकी तक्रार नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. आयुष्यभर मी प्रुफं तपासली. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचे पैसे घेतले. निवृत्त झालो तरी ती खोड जात नाही. त्यामुळे फोनमधल्या ॲपने कुंडीत आपोआप उगवलेल्या एकाच रोपाला तीन दिवसांत चार नावं दिली, तेव्हा माझी झोप उडाली. रोप तसं काहीच नव्हतं. वीतभर उंचीचं, जमिनीलगत बारीक पानांची चकती, मधून दोन-तीन दांडे वर आलेले आणि टोकाला पांढरी फुलं. फूल केवढं, तर मथळ्याच्या टायपातल्या अनुस्वाराएवढं. ॲप पहिल्या दिवशी म्हणालं कॅप्सेला. दुसऱ्या दिवशी कार्डामिन फ्लेक्सुओसा. त्याच संध्याकाळी जरा वेगळ्या कोनातून फोटो काढला तर ॲराबिडॉप्सिस. तिसऱ्या दिवशी कार्डामिन हिर्सुटा. चारही नावं मोहरीच्या कुळातली, तेवढ्यावर मात्र ते ठाम होतं.

भाची वनस्पतिशास्त्र शिकते. तिला फोटो पाठवले. तिचा फोन आला, "मामा, फुलाचे फोटो पाठवून काही होणार नाही. या कुळात फुलं सगळी एकाच साच्यातली. चार पाकळ्या, फुलीसारख्या मांडलेल्या, की झालं. तू शेंग बघ, पुंकेसर मोज, पानावरचे केस बघ. आणि त्यासाठी दहापट भिंग घे. मोठं घेऊ नकोस."

मी तीसपट मागवलं. तीस हे दहापेक्षा जास्त असतात, असं मला तोवर वाटत होतं.

आलं ते असं : सोनार वापरतात तसलं घडीचं भिंग, चकचकीत धातूचं कवच, त्यात फिरवून आत जाणारी काच. कवचावर कोरलेलं '३०×' आणि पुढे '२१ मिमी'. सोबत कातड्यासारखी दिसणारी एक पिशवी, तिला आठवडाभर रबराचा वास येत होता. माहितीपत्रक नाही. डब्यावर सहा ओळींचा मजकूर, त्यात चार चुका. पैकी एक खुद्द 'भिंग' या शब्दात होती. मी पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवल्या आहेत.

पहिला आठवडा मला काहीही दिसलं नाही. प्रूफ वाचताना भिंग कागदापासून चार बोटं वर धरायचं आणि आपण मागे रेलून बघायचं, ही माझी जन्माची सवय. तसं धरलं की फुलाच्या जागी एक पांढरट भोवरा दिसायचा. विक्रेत्याला वाईट अभिप्राय लिहायला बसलोच होतो, तेवढ्यात भाची घरी आली. तिने माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि सरळ माझ्या डोळ्याला लावलं, चष्म्याच्या काचेला जवळपास टेकवून. "हे इथून हलवायचं नाही. दुसऱ्या हाताने फूल जवळ आण. अजून आण. नाकाला लागेल असं वाटेपर्यंत आण." आणलं, तर एकदम लख्ख. भिंग धरलेल्या हाताचं बोट गालावर टेकवायचं, फूल धरलेला हात त्या हातावर टेकवायचा, म्हणजे दोन्ही हात एकत्रच थरथरतात आणि चित्र स्थिर राहतं. उजेड पाठीमागून नाही, बाजूने हवा. एवढ्या चार गोष्टी त्या डब्यात कागदावर छापून दिल्या असत्या तर विक्रेत्याचं काय गेलं असतं?

फूल भिंगापासून जेमतेम इंचभर अंतरावर होतं, तेव्हाच भाचीला शंका आली. ती म्हणाली, हे तीसपट नाही. मग आम्ही मोजलं, आणि हे कुणालाही करता येतं. खोलीतले दिवे बंद करायचे, खिडकीसमोरच्या भिंतीजवळ पांढरा कागद धरायचा, भिंग कागदापुढे मागेपुढे करायचं. एका जागी कागदावर खिडकीचं इवलंसं, उलटं, स्पष्ट चित्र पडतं. तिथे भिंगाच्या मध्यापासून कागदापर्यंत पट्टी लावायची. आमचं अंतर आलं सुमारे २५ मिलिमीटर. नजरेचं प्रमाण अंतर २५० मिलिमीटर धरतात, त्याला या आकड्याने भागायचं. उत्तर दहा. खऱ्या तीसपट भिंगाचं अंतर आठ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. भाचीने पुढचं गणितही करून दाखवलं : २१ मिलिमीटर व्यासाची अख्खी गोटी साध्या काचेची केली, तरी ती सोळापटीच्या आसपासच जाते. म्हणजे या कवचावर कोरलेला आकडा या मापाच्या काचेला झेपणाराच नाही. छपाईची चूक आणि थाप यांतला फरक मला कळतो. ही थाप आहे.

विक्रेत्याला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की ३० हा 'मॉडेल क्रमांक' आहे. मग पुढची फुलीही मॉडेलचीच असणार.

पण गंमत पुढे आहे. भाचीने आलेखाचा कागद भिंगाखाली धरला. रेषा मधल्या भागात सरळ, अगदी कडेच्या पट्ट्यात थोड्या वाकलेल्या. निळी-नारिंगी झालर फक्त काठाला. तिचं मत, काच चांगली आहे, बहुधा तीन भिंगं चिकटवून केलेली, आणि दहापट म्हणून विकलं असतं तर तिने स्वतः घेतलं असतं. म्हणजे मला नको ते मागवून हवं ते मिळालं होतं. परत पाठवलं नाही.

आता कामाचं बोलू.

पहिलं फूल पाहिलं तेव्हा मी बराच वेळ काही बोललोच नाही. तीन मिलिमीटरची पाकळी तीन सेंटिमीटरची होऊन समोर येते. पाकळी पांढरी नसते, ओल्या मिठासारखी असते, आत पेशींचे चमकणारे दाणे. बाहेर चार निदलं, म्हणजे कळीचं आवरण, जांभळट काठाची. मधोमध हिरवा दांडका, तोच पुढे शेंग होतो. आणि त्याच्याभोवती पुंकेसर. या कुळाचा नियम सहा पुंकेसरांचा : चार उंच, दोन बुटके. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्याने १७३५ साली या खुणेवर एक अख्खा वर्गच बांधला होता. मी मोजले. चार. पुन्हा मोजले. चारच. बुटके दोन गायब.

प्रूफवाल्याला दोन अक्षरं गळालेली दिसली की होतो तसा आनंद मला झाला. भाची म्हणाली, "एक फूल बघून नाचू नकोस. दहा मोज." मोजली. आठ फुलांत चार, दोघांत पाच. एका फुलाला पाकळ्याही तीनच होत्या, चौथीची जागा रिकामी. मला वाटलं गळून पडली असेल, पण कळीतच तीन होत्या. तर या जातीत पाकळ्यांची संख्या पक्की नसतेच, शून्यापासून चारपर्यंत काहीही असू शकते. जिच्या फुलीवरून कुळाला क्रुसिफेरी हे जुनं नाव पडलं, ती फुलीच ही बाई धड काढत नाही.

चार पुंकेसर म्हणजे कार्डामिन हिर्सुटा. तिच्या जवळच्या कार्डामिन फ्लेक्सुओसात ते सहा असतात. एवढ्या एका खुणेवर दोन नावं वेगळी होतात आणि ती खूण माझ्या फोनच्या एकाही फोटोत नव्हती. ॲपचा दोष नाही म्हणा. जे दिसलंच नाही ते बिचारं कुठून मोजणार?

'हिर्सुटा'चा अर्थ केसाळ. आणि दांडा बघावा तर जवळजवळ गुळगुळीत. माझी चिडचिड झाली. नाव चुकीचं आहे म्हणून भाचीशी वादही घातला. तिने पानाचा देठ बुडाशी जिथे चिकटतो ती जागा भिंगाखाली धरायला लावली. तिथे पापण्यांसारखे विरळ, लांब, पांढरे केस. पानाच्या वरच्या बाजूलाही थोडे. सगळे साधे, न फाटलेले. माझा मुद्दा खोडला गेला. पण 'अंमळ केसाळ' असं नाव जास्त बरोबर झालं असतं, हे मत कायम आहे.

केसांवरून उरलेली दोन नावंही निकालात निघाली. कॅप्सेलाच्या पानावर साध्या केसांबरोबर चांदणीसारखे फाटलेले केस असतात. ॲराबिडॉप्सिसच्या पानावरचे केस बहुतेक त्रिशूळासारखे तीन फाट्यांचे, शिवाय तिचं पान अखंड, छोट्या चमच्यासारखं. माझ्या रोपाचं पान दोन्ही बाजूंना गोलसर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक मोठी पर्णिका असं. कॅप्सेलाची तर शेंगही लांब नसते, उलट्या त्रिकोणासारखी, बदामाच्या आकाराची असते. आठ दिवस थांबून शेंग धरू दिली असती तर ते नाव भिंगाशिवायच बाद झालं असतं. या कुळात घाई करणाऱ्याची फजिती होते. नुसतं फूल असेल तर थांबा, शेंग येऊ द्या, मगच नावाला हात घाला.

शेंगेबद्दल मात्र सावध राहा. हिर्सुटाच्या शेंगा उभ्या, सुईसारख्या बारीक, फुलांच्याही डोक्यावर गेलेल्या. मी एक पिकलेली शेंग नखाने धरून भिंगाजवळ नेली आणि टप्प असा आवाज होऊन काहीतरी चष्म्यावर आपटलं, काहीतरी गालाला लागलं. बायको आतून विचारते, काय फुटलं? भिंगात बघतो तर शेंगेच्या दोन्ही झडपा वळकटी होऊन टोकाशी लोंबताहेत आणि बिया पसार. या बिया सेकंदाला दहा मीटरहून जास्त वेगाने सुटतात. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी याची यंत्रणा २०१६ साली उलगडून दाखवली. आपल्याला वाटतं शेंग वाळून फुटत असेल. इथे तसं नाही. झडप हिरवी, जिवंत असतानाच पेशींतल्या पाण्याच्या दाबाने तिच्यात ताण साठतो, आतल्या कडक थरामुळे तो अडून राहतो, आणि शिवण सुटली की झडप क्षणात गुंडाळली जाते. सांगायचा मुद्दा, हे भिंग चष्म्यावरून वापरता येतं आणि पिकलेली शेंग बघताना चष्मा काढूच नये.

न फुटलेली, किंचित कच्ची शेंग घेतली तर आतली रचना निवांत बघता येते. सुईने एक झडप खालून वर उचलायची. आत एक चौकट, चौकटीवर ताणलेला पातळ पडदा, आणि पडद्याच्या कडेला एका ओळीत बिया, एक या काठाला तर पुढची त्या काठाला चिकटलेली. हा पडदा माझ्या ओळखीचा निघाला. जुन्या छापखान्यात ट्रेसिंग पेपर खिडकीशी धरल्यावर दिसायचा, तस्साच. मोहरीच्या कुळाची ही अगदी खात्रीची खूण : दोन झडपा, मध्ये चौकट आणि पडदा. चार पाकळ्या काय, पुष्कळांना असतात. खसखशीच्या कुळातही चार पाकळ्या सापडतात, पण तिथे पुंकेसरांची गर्दी. इनोथेरा या फुलझाडात पुंकेसर आठ आणि बीजकोश पाकळ्यांच्या खाली. तिळवणीला चार पाकळ्या आणि लांब शेंग दोन्ही आहेत, तिथे मी हमखास फसलो असतो, पण तिच्या शेंगेत हा पडदा नाही. गॅलियम या रानरोपाच्या चार पाकळ्या बुडाशी जोडलेल्या आणि पानं दांड्याभोवती गोल चक्रात. पाकळ्यांवर भरवसा ठेवणं म्हणजे आडनावावरून माणूस ओळखणं.

वासाचं काम भिंग करत नाही, ते नाकाने करायचं. पान चुरडलं की झणझणीत वास येतो, कारण पेशी फुटल्या की वेगवेगळ्या कप्प्यांतलं एक विकर आणि गंधकाची संयुगं एकत्र येतात. माझं नाक सर्दीने कायम बंद, त्यामुळे ही परीक्षा बायकोने दिली. तिचा शेरा : "येतो, पण उगाच कौतुक करण्याइतका नाही."

फोनबरोबर हे भिंग कसं चालतं, हे विचारणारे असतील. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर भिंग टेकवायचं आणि फोन फुलाजवळ न्यायचा. फोटो निघतो, मधला भाग उत्तम, कडा धूसर. असे तीन फोटो, म्हणजे पुंकेसर, देठाच्या बुडाचे केस आणि उघडलेली शेंग, त्याच ॲपला दाखवले. शेंगेच्या फोटोला त्याने एक किडा सुचवला. ॲपला मी दोन तारे दिले असते, पण इथे विषय भिंगाचा आहे. कुळापर्यंत नेऊन सोडायला ते बरं आहे, पुढे पायी जायचं.

वीसपट भिंग घ्यावं का? भाचीकडचं आठवडाभर वापरलं. काच बोटाच्या नखाएवढी, फूल भिंगापासून सेंटिमीटरभर अंतरावर धरावं लागतं, तेवढ्यात आपल्याच डोक्याची सावली पडते. एक पुंकेसर स्पष्ट दिसतो तेव्हा शेजारचा धूसर होतो, आणि मोजायचेच असतील तर सगळे एकदम दिसायला हवेत. केसांचे फाटे बघायला वीसपट छान, पण पहिलं आणि एकमेव भिंग म्हणून दहापटच घ्या. मागवताना कवचावरचा आकडा वाचू नका. काचेचा व्यास मोठा आणि आकडाही मोठा, असं दोन्ही दिसलं तर समजून जा.

दोष. बिजागरीचा स्क्रू तिसऱ्या आठवड्यात सैल झाला. काच कवचातून आपोआप बाहेर येऊन खिशातल्या किल्ल्यांवर घासायला लागली. स्क्रू आवळला, पुन्हा सैल. शेवटी बायकोच्या नेलपॉलिशचा एक थेंब स्क्रूच्या डोक्यावर सोडला, तेव्हापासून हललेला नाही. कवचाची एक कड धारदार आहे, ती मी कानशीने घासून घेतली. दोरी ओवायला भोक आहे पण दोरी नाही. दोरी मात्र लावाच, लाल किंवा पिवळी. गवतात पडलेलं चकचकीत भिंग दवाच्या थेंबासारखं दिसतं. मी एकदा अर्धा तास शोधलं आहे.

काच पुसायला शर्टाचं टोक वापरू नका. आधी फुंकून धूळ उडवा, मग चष्म्याचं फडकं. परागकण बरेच चिकटतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्या कुंडीत तसंच रोप आलं, रोपवाटिकेतून आणलेल्या मातीच्या गोळ्याबरोबर आलं असणार. लांबून जुळी बहीण. मी आता शहाणा झालो होतो, शेंग धरेपर्यंत थांबलो. पुंकेसर सहा, दहाच्या दहा फुलांत. फुलं असताना जमिनीलगतची पानांची चकती नाहीच. टोकाची पर्णिका तीन भागांत खाचलेली. मी 'फ्लेक्सुओसा' असं चिठ्ठीवर लिहून भाचीला कळवलं. तिचा उलट प्रश्न, "पानाच्या वरच्या बाजूला केस?" भिंग लावलं. एकही नाही. दुसरं पान, तिसरं पान, गुळगुळीत. फ्लेक्सुओसाच्या पानावर ते असतात. तर ही कार्डामिन ऑकल्टा, मूळ आशियातली. कुंड्यांतून आणि रोपवाटिकांतून जगभर पसरली, आणि वर्षानुवर्षं फ्लेक्सुओसा म्हणूनच छापली गेली. योग्य नाव कोणतं, तो घोळ २०१६ मध्ये निस्तरला. ऑकल्टा म्हणजे लपलेली.

चिठ्ठीवरचं 'फ्लेक्सुओसा' मी खोडलं, वर नीट काकपद घालून 'ऑकल्टा' लिहिलं आणि समासात सही केली.